मांड्यांची तारीख

आमच्या दुकानात मालापेक्षा किस्से जास्त साठतात. मालाचं बरं असतं. भाजणी तीन महिने, मेतकूट सहा महिने, पाकिटावर तारीख छापली की विषय संपला. किश्शांना एक्सपायरी नसते. उलट जुने झाले की जास्त खमंग लागतात. परवा मित्रांत बसलो होतो. एकानं नुसतं "ती संकष्टीची गंमत सांग ना" म्हटलं, तर उठेपर्यंत दोन तास आणि तीन चहा झाले. घरी आलो तर बायको म्हणाली, "एकदा लिहून काढा बाई ते सगळं, म्हणजे मला परत परत ऐकावं लागणार नाही." म्हणून लिहितोय.

दुकान म्हणजे ऑनलाइन हं! देवासला सुनंदाताईंच्या घराचा पुढचा हॉल हे ऑफिस, मागची खोली गोडाऊन आणि स्वयंपाकघर म्हणजे फॅक्टरी. माणसं तीन. सुनंदाताई मालकीण. पंकज वेबसाइट सांभाळतो. पक्का माळवी, रोज टोंकखुर्दहून मोटरसायकलवर येतो, आणि जगातल्या कुठल्याही संकटावर त्याचं एकच उत्तर, "हो जाएगा काकाजी, टेंशन मत लो." तिसरा मी, शिंदेकाका. सांगलीकडून नोकरीसाठी आलो आणि तीस वर्षं इथल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. बॅचवरची तारीख बरोबर छापली आहे का, हे बघणं माझं काम. रिटायर झाल्यावर सुनंदाताईंनी मला दुकानाचा ब्लॉग लिहायला ठेवलं. पात्रता काय, तर मराठीत न अडखळता चार ओळी लिहिता येतात. देवासमध्ये आता तेवढंही पुष्कळ झालं!

तर ज्याची सगळी हयात तारखा तपासण्यात गेली, त्याच्याच ब्लॉगवर तारखांचा असा काही विचका झाला की जुने सहकारी अजून बाजारात गाठून विचारतात, "शिंदे, आज तारीख किती हो?"

पण या सगळ्याचं मूळ देवासला नाही, धारला आहे. तिथे सुनंदाताईंच्या माईआत्या राहतात. वय चौऱ्याहत्तर. शाळेत पी.टी. टीचर होत्या. शिट्टी अजून गळ्यात असते, भाजीवाल्याला थांबवायलासुद्धा शिट्टीच मारतात. सुनंदाताईंचे आईवडील नोकरीपायी गावोगाव फिरत, म्हणून माईआत्यांनीच त्यांना धारला ठेवून घेतलं, वाढवलं, शिकवलं. आणि माईआत्यांना मांडे येतात. पुरणाचे, खापरावरचे. पुरण भरलेला गोळा हातावर घ्यायचा, फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही, नुसते हात. धारमध्ये असे मांडे येणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्यात, असं त्या स्वतःच सांगतात आणि अजून कुणी ते खोडून काढलेलं नाही.

सुनंदाताईंनी शिकायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा पुरण पायावर! अशातच माईआत्यांचा खांदा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन हिवाळे हे असलं काम करा, पुढचं सांगता येत नाही. माईआत्यांनी फोनवर हुकूमच सोडला. "सुनू, तुझ्या त्या वेबसाइटवर टाक. माझे हात चालतायत तोवर कुणीतरी येऊन शिकून जा म्हणावं. एक जण आलं तरी बास. नाहीतर हे माझ्याबरोबरच जायचं गं."

फोन ठेवला तेव्हा सुनंदाताईंचे डोळे भरले होते. पण बाई धंद्याची. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "काका, एकदम मांड्यांचा वर्ग नको. लोक आपल्या ब्लॉगवर वाचून येतात का, ते आधी छोट्या कार्यक्रमांवर बघू. मांडे हिवाळ्यात."

तेव्हा पुढचे सगळे घोळ ही रंगीत तालीम होती, एवढं ध्यानात ठेवा.

* * *

पहिला कार्यक्रम चकलीचा. दिवाळीच्या आधीच्या रविवारी सुनंदाताईंच्या घरी या, तीन प्रकारच्या भाजणीच्या चकल्या चाखा, आवडेल ती घ्या. मी मंगळवारी पोस्ट लिहिली, पंकजनं मंगळवारी दुपारी टाकली.

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात तीन कुटुंबं! आजी-आजोबांसकट, आणि एकांनी तर जावईसुद्धा आणलेला.

सुनंदाताई डोक्याला मेंदी लावून बसल्या होत्या. तशाच आल्या दारात. "काय हो?"

"चकली चाखायला आलो. आजच आहे ना?"

"आज? नाही हो, रविवारी!"

त्या गृहस्थांनी मोबाइल पुढे केला. पोस्टच्या डोक्यावर, अगदी मथळ्याच्या वर, ठळक अक्षरांत मंगळवारची तारीख. वेबसाइटला आपली सवय होती, पोस्ट ज्या दिवशी टाकली ती तारीख वर मिरवायची. रविवार बिचारा खाली मजकुरात कुठेतरी.

आता जावई दारात उभा आहे म्हटल्यावर परत कसं पाठवणार? सुनंदाताईंनी डोक्याला पिशवी गुंडाळली आणि तशीच कढई चढवली. लोक तृप्त होऊन गेले. जाताना जावईबापू म्हणाले, "ऑनलाइन सर्व्हिस फारच फास्ट आहे हो तुमची!"

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी पंकजला समोर बसवलं. "ती वरची तारीख काढून टाक बाबा."

"हो जाएगा."

झालं! तारीख गेली. आता वर तारीखच नाही. फोनवर फोन सुरू. "अरे भिया, तारीख तो लिखो!"

मी प्रत्येकाला शांतपणे सांगत होतो, "लिहिली आहे हो. सहाव्या परिच्छेदात."

आता यात माझं काय चुकलं? चकलीवर लिहायचं म्हणजे आधी भाजणी आली, भाजणी म्हणजे धान्य भाजायचा क्रम आला, मग आमच्या आईची चकली, तिचा तो पितळी सोऱ्या... एकदम तारखेवर कसं उडी मारणार? लिखाणाला काही रीत असते की नाही!

एका बाईंनी फोनवर स्पष्टच विचारलं, "सहाव्या परिच्छेदापर्यंत जातं कोण?"

मला लागलं ते. फोन ठेवून मी सुनंदाताईंना म्हणालो, "बघा, लोकांना वाचायला नको."

सुनंदाताई पाकिटांना लेबलं लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काका, मी पण पहिल्या परिच्छेदातच परत फिरले."

* * *

मग पंकजनं डोकं चालवलं. पोस्ट टाकायची ती तारीख वेगळी, कार्यक्रमाची वेगळी. कार्यक्रमाच्या तारखेसाठी त्यानं एक वेगळा चौकोनच केला. मथळ्याखाली छान रंगीत पट्टी, आणि पट्टीवर "कार्यक्रम" असं लिहून तारीख. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. लगे हाथ जुन्या पोस्टींनाही त्यानं त्या पट्ट्या लावून टाकल्या.

एकच झालं. तो चौकोन त्यानं सक्तीचा करून ठेवला. तो रिकामा असेल तर पोस्टच पुढे सरकेना. आणि माझी पुढची पोस्ट होती, "मेतकूट-भात: खाण्याची खरी पद्धत". यात कसला आलाय कार्यक्रम? मी गावाला निघालो होतो. पंकजनं पोस्ट अडकलेली बघितली, चौकोनात मनानंच पुढच्या महिन्याची दहा तारीख भरली आणि दिली टाकून.

चार दिवसांनी परत येऊन बघतो तर दुकानाच्या फोनवर एका आजोबांचा आवाज, अगदी काकुळतीला आलेला. "अहो, तुमचं मेतकूट मागवलंय मी. परवाच पोचलं. ब्लॉगवर दहा तारीख आहे. आज एकवीसच झालीय. आधी खाल्लं तर चालेल का?"

हसून हसून पुरेवाट झाली. पण असे आणखी सतरा फोन घेता घेता माझं हसू आटलं. लोकांचा पट्टीवरचा विश्वासच उडाला. मांड्यांचं जाहीर करायचं कोणत्या तोंडानं? सुनंदाताई म्हणाल्या, "आत्याचं खापर तापायचं, पुरण शिजायचं, आणि लोक भलत्याच दिवशी यायचे. माझ्या आत्याला असं तोंडघशी नाही पाडायचं मला." थांबू थांबू करता थंडी सरली.

होळीच्या सुमाराला माईआत्यांचा फोन आला. "सुनू, एक हिवाळा संपला हं," एवढंच म्हणाल्या. सुनंदाताई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

* * *

आता ती संकष्टी.

आमच्या कांदा-लसूण मसाल्याची जाहिरात म्हणून देवासलाच मिसळ ठेवली होती. रविवारी सकाळी नऊला. मी स्वतः चौकोनात रविवार भरला. पंकजनं बघितला, सुनंदाताईंनी बघितला. आणि पोस्ट झळकली ती शनिवारची पट्टी घेऊन!

नंतर कळलं की वेबसाइटचं घड्याळ कुठल्याशा परदेशाच्या वेळेवर लावलेलं होतं. आपल्याकडे रविवार उजाडला तरी तिथे अजून शनिवारच चाललेला. पंकज म्हणाला, "काकाजी, अपनी साइट विदेश में सो रही थी."

साधा शनिवार असता तर निभावलं असतं. पण तो नेमका संकष्टी चतुर्थीचा शनिवार. आणि गिऱ्हाईक बहुतेक आमचं मराठी! पहिला फोन पोतनीसकाकांचा. हे आमचे जुने गिऱ्हाईक, चाळीस वर्षं एक संकष्टी चुकलेली नाही.

"शिंदे! संकष्टीच्या दिवशी सकाळी सकाळी कांदा-लसणाची मिसळ? लाज वाटत नाही? धर्म बुडवायला बसलात काय?"

मी समजावायला गेलो, "काका, ते घड्याळ..."

"घड्याळ बघा नाहीतर पंचांग बघा! मी तुमच्याकडनं आता शेंगदाणासुद्धा घेणार नाही!" फोन आपटला.

तासाभरानं परत त्यांचाच फोन. आवाज एकदम खाली आलेला. घरात कुणी ऐकू नये असा. "शिंदे, मी काय म्हणतो, चंद्रोदयानंतर ठेवत असाल तर माझ्या दोन प्लेटी धरा."

* * *

त्या प्रकारानंतर सुनंदाताईंनी फर्मान काढलं. "बास झाल्या तारखा! आपली माणसं तिथी पाळतात, तिथीच लिहा. तिथी काही विदेशात जाऊन झोपत नाही."

पुढचा कार्यक्रम धारला, माईआत्यांच्या गच्चीवर, उपवासाच्या पदार्थांचा. मी लिहिलं, "श्रावणातला पहिला सोमवार." माईआत्यांनाही फोनवर तेच सांगितलं. पण चौकोन तर तारीख मागतो. म्हणून पंकजला म्हटलं, "श्रावणाच्या पहिल्या सोमवारी जी तारीख येईल ती भर."

त्यानं इमानेइतबारे भरली. त्याच्या श्रावणाची!

माळव्यात राहून तीस वर्षं झाली, पण माझ्या टाळक्यात ते आलं नाही. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी पंकजच्या घरी सावन लागतो. आमचा आषाढ मात्र अमावास्येपर्यंत रेंगाळत असतो. मध्ये चांगले पंधरा दिवस.

आणि त्या पंधरा दिवसांत आमच्या घरांत काय चालतं? आषाढ तळतात!

सोमवारी सकाळी माईआत्या गच्चीवर शेगडी मांडून गुळाच्या कापण्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या तळत बसलेल्या. घमघमाट पार कोपऱ्यापर्यंत. जिन्यावरून एकामागून एक बारा बायका वर आल्या. सगळ्या माळवी, सगळ्यांचा सावन सोमवारचा कडक उपवास, सकाळपासून पोटात पाणी फक्त.

"माताजी, फलाहारी वाली क्लास यहीं है ना?"

माईआत्यांच्या हातातला झारा तसाच राहिला. "फलाहारी? अगं बायांनो, अजून आषाढ आहे!"

"नहीं माताजी, सावन लग गया!"

"तुमचा लागला असेल. माझा अमावास्या झाल्यावर लागेल!"

पुढची दहा मिनिटं गच्चीवर पंचांगावरून जी जुंपली, म्हणता सोय नाही. शेवटी माईआत्यांनी शिट्टी मारली आणि सगळ्यांना खाली बसवलं. उपवास मोडायचा नाही, घरी आलेल्याला रिकामं धाडायचं नाही. बाराही जणींना डबे भरून कापण्या बांधून दिल्या, उद्या खा म्हणून.

त्यातल्या एकीनं डबा पदराखाली घेतला, जिना उतरता उतरता थांबली आणि म्हणाली, "माताजी, आपका सावन लगेगा तब फिर आ जाएँगे. अपने को दोनों चलते हैं!"

त्या संध्याकाळी माईआत्यांनी मला फोन केला. मला वाटलं आता खैर नाही. पण त्या हसत होत्या. मग म्हणाल्या, "शिंदे, हे चालायचंच हो. पण मांड्यांना तरी माणसं त्याच दिवशी येतील ना? मला परत परत जमायचं नाही आता. झारा धरतानाही खांद्यातून कळ येते." "येतील," म्हणालो.

* * *

दिवाळीच्या आधी एका सकाळी कन्नौदहून एक रिटायर्ड मास्तर आले. गाडी त्यांच्या कॉलेजातल्या नातीनं चालवत आणलेली. मास्तरांनी पिशवीतून कागद काढले. माझी चकलीची पोस्ट! पूर्ण, सहाच्या सहा परिच्छेद, प्रिंट काढलेली.

"आज चकली चाखायला बोलावलंय तुम्ही."

बघतो तर गेल्या वर्षीची पोस्ट. मंगळवारी जावई आला होता तीच. पट्टीवर दिवस होता, महिना होता, वर्षच नव्हतं!

मी हात जोडले, माफी मागितली. पण एक विचारल्याशिवाय राहवेना. "मास्तर, एवढी सगळी प्रिंट का काढलीत?"

ते म्हणाले, "ही नात. शाळा सगळी हिंदीतून झाली. घरात मराठी बोलते, पण वाचायला बसली की अडखळते. म्हणून तुमचा ब्लॉग देतो. रोज एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा. सोऱ्याचा भाग तर तिनं दोनदा वाचला."

खरं सांगतो, मला भरून आलं. कुणीतरी सहाव्या परिच्छेदापर्यंत गेलं होतं! मी सुनंदाताईंकडे असं बघितलं की बघा, आहे की नाही वाचक! त्यांनी मुकाट्यानं कढई चढवली.

नात मात्र चकली खाता खाता म्हणाली, "काका, बाकीचं कठीण असतं हो. तारीख मी लगेच वाचली. तेवढीच तुमची चुकलेली होती."

* * *

आणि मग आला दुसरा हिवाळा. शेवटचाच म्हणायचा. लोक मनात मांडे खातात, आम्ही वर्षभर ब्लॉगवर खात होतो, आता खरे व्हायची वेळ आली.

या वेळी मी कारखान्यातली सगळी शिस्त बाहेर काढली. मार्गशीर्षातला रविवार धरला, तोही शुद्ध पक्षातला, कारण शुद्ध पक्षात पंकजचा महिना आणि माझा महिना एकच असतो! तारीख, वार, तिथी, वर्ष, वेळ, सगळं पट्टीवर. साइटचं घड्याळ भारतात आणलेलं. माझ्या मजकुरात तारीख पहिल्या वाक्यात. होय, पहिल्या! काळजावर दगड ठेवून आईचा सोऱ्या, खापर, चूल, सगळं खाली ढकललं. तिघांनी तीनदा तपासलं. चौदा जणींनी नावं दिली आणि सुनंदाताईंनी चौदाही जणींना स्वतः फोन करून वार वदवून घेतला.

शनिवारी माईआत्यांना फोन केला तर त्या घाईत होत्या. "सगळं ठीक आहे. या उद्या," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मागे काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला आणि लगेच शिट्टी. आम्हाला वाटलं, मांजर शिरलं असेल.

रविवारी आम्ही तिघं धारला पोचलो. दहाच्या ठोक्याला गच्चीवर चौदा बायका. चौदाच्या चौदा! सगळ्या एकाच दिवशी! पंकज मला म्हणाला, "काकाजी, चिमटी काटो." मी काढला.

तेवढ्यात माईआत्या खोलीतून बाहेर आल्या. उजवा हात गळ्यात बांधलेला.

सुनंदाताई मटकन पायरीवरच बसल्या. "आत्या! हे कधी झालं?"

"शुक्रवारी सकाळी. गारठ्यानं खांदा धरला तो धरलाच. हात वरच होत नाही. डॉक्टर म्हणाले, आता यापुढे मांडेबिंडे काही नाही."

सुनंदाताईंना रडूच आलं. "मला कळवायचं नाहीस होय गं? एवढ्या जणी आल्यात, पहिल्यांदा तारीख बरोबर पडली, आणि आता..." वर्षभर मी तारखा चुकवल्या आणि हात निघून गेले, दुसरं काही माझ्या डोक्यात येत नव्हतं.

माईआत्यांनी डाव्या हातानं शिट्टी तोंडात धरली आणि खणखणीत वाजवली. "रडायला काय झालं? पंचवीस वर्षं पी.टी. शिकवली ती काय मी स्वतः धावून? रेखा! खापर तापलं का?"

गच्चीच्या कोपऱ्यातून आवाज आला, "तप गया, माताजी."

पस्तिशीची एक बाई चुलीपासून उठली. साडीचा पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले. तिनं पुरण भरलेला गोळा उचलला. एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला, फिरवला, पसरवला. माईआत्या शेजारी खुर्चीवर बसून नुसत्या बोलत होत्या, "मनगट सैल... सैल... आता कोपर... सोड!" आणि मांडा खापरावर पडला. पातळ, गोल, एक भोक नाही. चौदाही बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदाताई रडता रडता हसायला लागल्या.

मी पंकजला विचारलं, "ही कोण? नावाच्या यादीत रेखा नाही."

रेखानंच सांगितलं. धामनोदची. हायवेवर सासरचा ढाबा, पंधरा वर्षं तंदूरच्या रोट्या हातावर थापते. "भैयाजी, आपकी पोस्ट में तो बुधवार लिखा था. मैं बुधवार को आ गई." आणि तिनं मोबाइलमध्ये काढून ठेवलेला फोटो दाखवला. आमचीच पट्टी. बुधवार!

पंकजचा चेहरा पांढराफटक. "काकाजी, कसम से, टेस्टिंग कर रहा था! कोई भी तारीख डाल के देखी थी. बस दस मिनट! फिर सही कर दी थी."

दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत आमचा ब्लॉग उघडला एकाच माणसानं.

माईआत्या म्हणाल्या, "बुधवारी दार वाजलं, बघते तर ही. म्हणाली, मांडे शिकायला आलेय. मी काय, तारीख काढून भांडत बसू? पीठ भिजवलं. बुधवार, गुरुवार माझ्या हातांनी दाखवलं. शुक्रवारी खांदा गेला, मग शुक्रवार, शनिवार तोंडानं आणि शिट्टीनं. रोज धामनोदहून बसनं येते गं पोरगी."

"अगं पण मला कळवायचंस तरी!" सुनंदाताई म्हणाल्या.

"तुम्हाला कळवलं असतं, तर तुम्ही ब्लॉगवर टाकलं असतं!"

मग मांडे झाले, तूप आलं, दूध आलं. चौदा जणींनी हात चालवून बघितले, पुष्कळांचं पुरण पायावर गेलं, पण दोघी-तिघींचं हातावर टिकलंही. रेखा सगळ्यांत फिरून मनगटं धरून दाखवत होती. माईआत्या खुर्चीवर टेकून डाव्या हातानं मांडा मोडून खात होत्या.

पंकज घुटमळत त्यांच्यापाशी गेला. चूक त्याला फार लागली होती. मोबाइल उघडला आणि म्हणाला, "आत्याजी, अगली क्लास रेखा दीदी की रख देते हैं. आप तारीख बता दो, अभी आपके सामने डालता हूँ. एकदम सही डालूँगा."

माईआत्यांनी हातातला घास खाल्ला, रेखाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गलत डाल, बेटा."